शाळेतील लिनक्स-यंत्राचा कारभार ब्राउझरमधून : कॉकपिटची मांडणी

ज्या शाळेत दोन-चार संगणक आहेत, तेथे त्यांतील एखादा जुना संगणक इतरांचा भांडारी म्हणून राबविणे फार सोयीचे पडते. पाठांची ध्वनिमुद्रिते, सराव-प्रश्नपत्रिका, चित्रे, निकालपत्रकांच्या प्रती एका ठिकाणी असाव्यात आणि वर्गातील कोणत्याही यंत्रावरून त्या पाहता याव्यात, एवढाच त्याचा हेतू. किविक्स नावाचा कार्यक्रम अशा यंत्रावर घातला, तर बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही मुलांना मराठी विकिपीडियाची पाने वाचता येतात. या भांडारी यंत्रास सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त असले तरी काम कोठीवाल्याचेच आहे.

अशा यंत्रावर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली घालतात. फिनलंडमधील हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांस मोकळा केला. ती विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावर चालते आणि महिनोन्महिने न थांबता काम करते. आपल्याकडे तिची ओळख नवी नाही. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ साली ‘बॉस’ या नावाने लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. तीत अनेक भारतीय भाषांची सोय होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैराट येथील वाडीच्या शाळेत मुलांच्या हाती जे छोटे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक आले, तेही लिनक्सवरच चालत.

अडचण येते ती पुढे. सर्व्हरवर बहुधा चित्रमय पडदा नसतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टंकित कराव्या लागतात. ज्या शिक्षकांस त्या आज्ञा अवगत असतात त्यांच्या हाती यंत्र उत्तम चालते. परंतु त्यांची बदली झाली की यंत्राचा जाणता कोणी उरत नाही. काही दिवस ते आपोआप चालते, मग चकती भरते किंवा वीज अकस्मात जाऊन काही बिघडते, आणि अखेर त्यावर प्लास्टिकचे आवरण घालून ते कोपऱ्यात ठेवले जाते. त्यातील मुलांच्या नोंदीही त्याबरोबरच अडकून पडतात. यंत्र निकामी झालेले नसते. त्याच्याशी बोलणारे माणूस गेलेले असते. म्हणून ज्यास आज्ञा पाठ नाहीत अशा शिक्षकासही यंत्राची प्रकृती पाहता यावी आणि नित्याची कामे करता यावीत, अशी सोय प्रारंभीच करून ठेवणे इष्ट होय. अशी सोय करणारी साधने आहेत. त्यांतील एकाची मांडणी कशी करावी हे या लेखात सांगावयाचे आहे.

या साधनांची कल्पना सोपी आहे. सर्व्हरवर एक लहानसा कार्यक्रम बसवावयाचा. तो वेबपाने तयार करून देतो. आपण दुसऱ्या संगणकावर नेहमीचा ब्राउझर उघडून सर्व्हरचा पत्ता लिहावयाचा, नाव व परवलीचा शब्द द्यावयाचा, की यंत्राची सर्व हकीकत पानावर दिसू लागते : चकती किती भरली, कोणत्या सेवा चालू आहेत, कोणाकोणाची खाती आहेत. कळ दाबली की आज्ञा आपल्या वतीने तो कार्यक्रम देतो.

या वर्गातील दोन साधने विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले वेबमिन. जेमी कॅमेरॉन यांनी ते १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते पर्ल भाषेत लिहिलेले असून त्याचा व्याप फार मोठा आहे. टपालसेवेपासून छपाईयंत्रापर्यंत शेकडो गोष्टींची व्यवस्था त्यातून लावता येते. दुसरे कॉकपिट. विमानचालकाच्या कक्षास हे नाव आहे. तेथे जसे सर्व काटे आणि कळा एका नजरेच्या टप्प्यात असतात, तसे येथे असावे हा नावामागील भाव. रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावर ते वाढले, आणि आज डेबियन, उबुंटू, फेडोरा या सर्वांच्या अधिकृत भांडारांत ते मिळते.

शाळेसाठी दोहोंपैकी कोणते घ्यावे? माझे मत कॉकपिटच्या बाजूने आहे. त्याची कारणे सांगण्यापूर्वी वेबमिनच्या बाबतीत घडलेला एक प्रकार सांगणे अवश्य आहे, कारण अशा साधनांत धोका कोठे असतो हे त्यावरून नीट कळते.

वेबमिनचा मूळ मजकूर गिटहब या स्थळी सर्वांस वाचावयास खुला असतो. त्या मजकुरावरून वितरणाची गाठोडी मात्र एका वेगळ्या यंत्रावर बांधली जात. एप्रिल २०१८ मध्ये कोणा अज्ञात इसमाने त्या बांधणीच्या यंत्रात शिरकाव करून एका पानात काही अक्षरे आपली घुसडून दिली. ते पान कालबाह्य झालेला परवलीचा शब्द बदलण्याचे होते. परिणाम असा झाला की, १.८९० या आवृत्तीचे वेबमिन ज्या यंत्रावर असेल, त्यावर दूरच्या कोणासही परवलीच्या शब्दाविना मालकाच्या अधिकाराने हवी ती आज्ञा देता येई. पुढील आवृत्त्यांतही, १.९२० पर्यंत, एक विशिष्ट पर्याय चालू ठेवलेला असल्यास तीच गत होती. मूळ मजकूर वाचणाऱ्यास यांतील काही दिसत नव्हते, कारण खोट मजकुरात नव्हती, गाठोड्यात होती. हे सर्व उघडकीस आले ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी. वेबमिनच्या कर्त्यांनी तत्काळ १.९३० ही दुरुस्त आवृत्ती काढली, झालेली हकीकत लपवून न ठेवता प्रसिद्ध केली आणि बांधणीची पद्धत बदलली. वेबमिन आजही चालू आहे व पुष्कळ लोक ते समाधानाने वापरतात. प्रश्न एका साधनाच्या बदनामीचा नाही. ज्या कार्यक्रमाच्या हाती यंत्राच्या सर्व किल्ल्या असतात, तो कोठून आला आणि त्याचे दार कोणासाठी उघडे आहे, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.

आता कॉकपिटची कारणे. वेबमिन डेबियनच्या अधिकृत भांडारात नाही; त्याच्या कर्त्यांचे स्वतंत्र भांडार जोडून घ्यावे लागते. कॉकपिट अधिकृत भांडारातूनच येते, त्यामुळे यंत्राची नेहमीची अद्ययावत दुरुस्ती केली की त्याचीही होते. निराळी आठवण ठेवावी लागत नाही. दुसरे असे की, वेबमिन मालकाच्या अधिकाराने सतत जागे असते. कॉकपिट निजलेले असते. लिनक्समधील सिस्टमडी हा कारभारी त्याच्या दाराशी कान देऊन बसतो. कोणी दार ठोठावले तरच कॉकपिटला उठवितो, आणि काम आटोपून काही वेळ गेला की ते पुन्हा निजते. जुन्या, अल्प स्मृतीच्या यंत्रास हे फार मानवते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॉकपिट स्वतःची निराळी वही ठेवीत नाही. यंत्रावर जी खाती आहेत तीच त्याची खाती, यंत्राची जी स्थिती तीच त्याच्या पानावर. एखाद्या जाणत्या शिक्षकाने आज्ञा टंकित करून एखादी सेवा बंद केली, तर ती कॉकपिटच्या पानावर लगेच बंद दिसते. दोन पद्धतींची माणसे एकाच यंत्रावर सुखाने नांदू शकतात.

मांडणीस प्रारंभ करण्यापूर्वी एक सूचना. आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत टंकित करावयाच्या असतात. या पुस्तिकेत त्यांचे उच्चार तेवढे नागरीत दिले आहेत. दोन शब्दांमध्ये एक जागा सोडावी. जेथे अक्षरांबद्दल संशय येण्यासारखा आहे, तेथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

यंत्रावर डेबियन किंवा उबुंटू आहे असे धरू. डेबियन घालताना ‘रूट’ या मालकखात्याचा परवलीचा शब्द विचारला जातो. ती जागा रिकामी सोडल्यास डेबियन पहिल्या साध्या खात्यालाच ‘सुडो’चा अधिकार देते, तेथे शब्द भरल्यास तसा अधिकार आपोआप मिळत नाही. शाळेच्या यंत्रावर पहिली रीत पत्करावी. सुडो (एस-यू-डी-ओ) म्हणजे ‘पुढील आज्ञा मालकाच्या अधिकाराने पाळ’ असे सांगणारा शब्द. तो वापरताना यंत्र आपला परवलीचा शब्द विचारते. टंकित करताना पडद्यावर बहुधा ठिपकासुद्धा उमटत नाही. नवशिक्यास वाटते कळफलक बिघडला. तो बिघडलेला नसतो. निश्चिंतपणे शब्द पुरा करून एंटर कळ दाबावी.

यंत्रास इंटरनेट जोडून, त्याच्यासमोर बसून, पुढील दोन आज्ञा क्रमाने द्याव्यात :

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल कॉकपिट

पहिलीने भांडाराची ताजी यादी येते, दुसरीने कॉकपिट व त्यास लागणारी इतर गाठोडी उतरतात. मध्ये एकदा ‘पुढे जाऊ का’ असे विचारले जाईल. वाय अक्षर देऊन होकार द्यावा. डेबियन व उबुंटूवर दारावरचा पहारेकरी यानंतर आपोआप रुजू होतो. फेडोरासारख्या प्रणालीवर तो नेमावा लागतो. खात्रीसाठी पुढील आज्ञा सर्वत्र द्यावी; आधीच रुजू असेल तर तिने काही बिघडत नाही :

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ कॉकपिट.सॉकेट

यातील दुसरा शब्द ‘सिस्टम’ची सहा अक्षरे व त्यांस जोडून सी-टी-एल असा आहे. ‘नाऊ’च्या आधी दोन आडव्या रेघा जागा न सोडता द्याव्यात. ‘एनेबल’ म्हणजे यंत्र प्रत्येक वेळी सुरू होताना पहारेकऱ्यास बसव, आणि ‘नाऊ’ म्हणजे आत्ताही बसव. ‘नाऊ’ विसरले तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत दार उघडत नाही.

आता सर्व्हरचा पत्ता पाहावयाचा. ‘होस्टनेम’, मग जागा, मग आडवी रेघ व तिला लागून मोठा आय, अशी आज्ञा दिली की १९२.१६८.१.१० यासारखी चार अंकांची माळ दिसते. तो शाळेच्या जाळ्यातील यंत्राचा पत्ता. राउटर हा पत्ता वाटतो, आणि पुष्कळदा यंत्र पुन्हा चालू झाल्यावर निराळाच देतो. म्हणून राउटरच्या व्यवस्थेत हा पत्ता या यंत्रासाठी राखून ठेवावा. एवढे न केल्यास आठवड्याने ‘सर्व्हर सापडत नाही’ अशी तक्रार निश्चित येते.

पत्त्यापुढे पोर्टचा क्रमांक लागतो. यंत्र म्हणजे एक मोठा वाडा समजला, तर पत्त्याने वाडा सापडतो व पोर्टने कोणते दार ते कळते. दारांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. नेहमीची वेबपाने ८० व ४४३ या दारांनी येतात; कॉकपिटचे दार ९०९०. (वेबमिनचे दार १००००.) तेव्हा दुसऱ्या संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी एचटीटीपीएस, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, मग १९२.१६८.१.१०, मग पुन्हा अपूर्णविराम आणि ९०९० असे लिहावे. अर्थात अंक आपल्या यंत्राचे घ्यावेत.

येथे पुष्कळ जण थबकतात. पाने उघडण्याऐवजी ब्राउझर मोठा इशारा देतो : हे स्थळ सुरक्षित नसावे, पुढे जाऊ नका. इशाऱ्याचा अर्थ समजून घेणे जरूर आहे, कारण न समजता ‘पुढे’ दाबण्याची सवय मुलांना लागली तर ती फार महागात पडेल. ब्राउझर व सर्व्हर यांमधील संभाषण कोणी मध्येच ऐकू नये म्हणून ते सांकेतिक केले जाते. त्यासाठी सर्व्हर एक प्रमाणपत्र दाखवितो. बँकेच्या स्थळाचे प्रमाणपत्र एखाद्या मान्यवर संस्थेने सही केलेले असते व ब्राउझर त्या सहीस ओळखतो. आपल्या सर्व्हरने मात्र आपले प्रमाणपत्र स्वतःच लिहून त्यावर स्वतःच सही केली आहे. एखाद्या उमेदवाराने वर्तणुकीचा दाखला स्वतःच लिहून आणावा, तसा हा प्रकार. दाखला खोटाच असतो असे नाही. पण तो परक्याने मान्य का करावा? संभाषण याही प्रमाणपत्राने सांकेतिक होतेच. प्रश्न उरतो तो पलीकडे आपलेच यंत्र आहे याच्या खात्रीचा. म्हणून पहिली भेट यंत्र त्याच खोलीत, त्याच जाळ्यात, पत्ता नुकताच डोळ्यांनी पाहिलेला, अशा स्थितीत करावी आणि तेव्हाच ‘ॲडव्हान्स्ड’ कळ दाबून प्रमाणपत्र स्वीकारावे. ब्राउझर ही ओळख लक्षात ठेवू शकतो. पुढे कधी काहीही न बदलता तोच इशारा अचानक पुन्हा आला, तर परवलीचा शब्द देण्यापूर्वी थांबून कारण शोधावे. आणि मुलांना हे आवर्जून सांगावे की, बँकेच्या किंवा कोणत्याही बाहेरच्या स्थळी असा इशारा आला तर मागे फिरावे.

आत शिरताना सर्व्हरवरील आपल्याच खात्याचे नाव व परवलीचा शब्द द्यावयाचा. ‘रूट’ नावाने शिरू पाहिल्यास अलीकडील आवृत्त्या नकार देतात. तो दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली आडकाठी आहे. प्रवेश झाल्यावर वरच्या पट्टीत ‘लिमिटेड ॲक्सेस’ असे शब्द दिसतील. या स्थितीत पाहता येते, बदलता फारसे येत नाही. ती कळ दाबून परवलीचा शब्द पुन्हा दिला की कारभाराचा अधिकार मिळतो. नुसती प्रकृती पाहावयाची असेल तर तो अधिकार घेऊच नये. डॉक्टर नाडी पाहताना सुरी हाती धरीत नाही.

दाराच्या रक्षणाचे दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. काही शिक्षकांच्या मनात सहज येते की, राउटरवर ९०९० हे दार बाहेरच्या इंटरनेटसाठीही उघडून ठेवले तर घरी बसून शाळेचे यंत्र पाहता येईल. हे करू नये. आपले गाव लहान, आपल्या यंत्राकडे कोण येतो, हा विचार इंटरनेटवर लागू पडत नाही. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटी होतात. त्या सर्वांवर एक विशिष्ट दार उघडे आहे की नाही, हे एकाच साध्या यंत्रावरून पाऊण तासाच्या आत पाहून होते, असे त्यांनी दाखविले. तेव्हा उघडे दार कोणी हेरून यावे लागत नाही; सर्वच दारे सतत ठोठावली जातात, आणि त्यांत आपलेही येते. वर सांगितलेल्या वेबमिनच्या प्रकरणात ज्यांचे दार केवळ आपल्या जाळ्यापुरते उघडे होते, त्यांच्यापर्यंत बाहेरच्या चोरास थेट पोहोचता येत नव्हते.

शाळेच्या जाळ्यापुरते दार ठेवावयाचे असेल, तर यूएफडब्ल्यू नावाचा सोपा फायरवॉल आहे. उबुंटूवर तो सहसा असतो पण निजलेला असतो. डेबियनवर कॉकपिटप्रमाणेच इन्स्टॉल करावा लागतो. आज्ञा अशी :

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ९०९० प्रोटो टीसीपी

यातील ‘०/२४’चा अर्थ, पहिले तीन अंक हेच व चौथा कोणताही, असा सर्व पत्त्यांचा समूह. त्यानंतर ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ म्हटले की पहारा सुरू होतो. पण थांबावे : पहारा सुरू होताच ज्या दारांस परवानगी दिली नाही ती सर्व बंद होतात. त्या यंत्रावर किविक्स असेल, फायलींचे वाटप असेल, किंवा दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची एसएसएच सेवा २२ क्रमांकाच्या दारावर असेल, तर त्यांच्या परवानग्या आधी लिहून मगच पहारा बसवावा. दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने काम करीत असता २२ची परवानगी विसरून पहारा बसविणे म्हणजे आत किल्ली ठेवून बाहेरून कुलूप लावणे होय. म्हणून ही आज्ञा प्रत्यक्ष यंत्रासमोर बसूनच द्यावी.

मुलांचे संगणक त्याच जाळ्यात असतात हेही विसरू नये. सहावी-सातवीची चौकस मुले ९०९० पर्यंत पोहोचणारच, आणि पोहोचली तर त्यांचे कौतुकच करावे. पण त्यांना थांबविणारा तेथे एक परवलीचा शब्दच असतो. शाळेचे नाव, गावाचे नाव, मुख्याध्यापकांचे जन्मवर्ष हे शब्द मुलांस आधीच माहीत असतात. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून केलेला लांब शब्द लक्षातही राहतो व ओळखूही येत नाही.

आतील पानांची माहिती थोडक्यात पुरे. ‘ओव्हरव्ह्यू’ हे पहिले पान; त्यावर यंत्राची स्मृती, भार व प्रकृती दिसते. घड्याळ चुकीचे असेल तर येथेच सुधारावे व कालविभाग आशिया/कोलकाता निवडावा, अन्यथा फायलींवर चुकीच्या तारखा पडतात. ‘स्टोरेज’ हे पान आठवड्यातून एकदा अवश्य पाहावे. चकती नव्वद टक्क्यांच्या वर भरली की जागा मोकळी करण्याची व्यवस्था करावी. पूर्ण भरलेल्या चकतीवर साध्या नोंदीसुद्धा होत नाहीत व यंत्र अनाकलनीय रीतीने वागू लागते. ‘लॉग्ज’ म्हणजे यंत्राची रोजनिशी. तीत इशाऱ्यांच्या ओळी पुष्कळ दिसतात. त्या सर्वांचा अर्थ लावीत बसू नये, परंतु चकतीच्या त्रुटीसंबंधी एकच ओळ वारंवार येऊ लागली तर त्याच दिवशी फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. ‘सर्व्हिसेस’मध्ये एखादी बंद पडलेली सेवा नाव शोधून पुन्हा चालू करता येते, किविक्स थांबले अशी तक्रार आल्यास पहिली भेट येथे.

‘सॉफ्टवेअर अपडेट्स’ या पानाची एक खोड आहे. उबुंटूच्या सर्व्हर-आवृत्तीवर इंटरनेट उत्तम चालू असूनही हे पान यंत्र जाळ्याबाहेर असल्याचे सांगून अडून बसते. जाळ्याची व्यवस्था पाहणारा नेटवर्कमॅनेजर नावाचा घटक तेथे कामावर नसतो आणि पान त्यालाच विचारीत असते, हे त्याचे मूळ. यात घाबरण्यासारखे काही नाही. कॉकपिटमध्येच ‘टर्मिनल’ नावाचे पान आहे. तेथे तोच काळा पडदा ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात ‘सुडो एपीटी अपडेट’ व नंतर ‘सुडो एपीटी अपग्रेड’ अशा दोन आज्ञा दिल्या की दुरुस्ती होते. ती महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर करावी.

खेड्यातील शाळेस कॉकपिटचा रोजचा उपयोग मात्र या सर्वांहून वेगळाच आहे. तो म्हणजे यंत्र नीट बंद करणे. वीज जाते, इन्व्हर्टर काही काळ तग धरतो, मग तोही संपतो आणि सर्व्हर लिहीत असतानाच धाडकन बंद पडतो. लिनक्सची नेहमीची फाईल-व्यवस्था आपल्या बदलांची नोंद आधी एका टिपणवहीत करते, त्यामुळे अशा आघातातून ती बहुधा सावरते. परंतु त्या क्षणी जी फाईल लिहिली जात होती तिची हमी नसते, आणि जुन्या चकतीस असे धक्के सोसत नाहीत. सर्व्हरला बहुधा पडदा जोडलेला नसतो, म्हणून शिक्षक सरळ बटण दाबतात किंवा वाट पाहतात. कॉकपिट असल्यास वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांनी आपल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडावा, कारभाराचा अधिकार घ्यावा व ‘ओव्हरव्ह्यू’ पानावरील ‘रीबूट’ कळीशेजारचा बाण दाबून ‘शट डाऊन’ निवडावे. किती मिनिटांनी बंद व्हावे हेही तेथे सांगता येते. मात्र राउटरही इन्व्हर्टरवरच असला पाहिजे. नाहीतर वीज जाताच जाळे जाते व कळ दाबावयास वाट उरत नाही. मांडणीच्या दिवशीच ही तारेची जोडणी तपासून घ्यावी.

राहिला बदलीचा प्रश्न. पुष्कळ शाळांत एकच खाते असते, त्याचे नाव शाळेचे असते व परवलीचा शब्द भिंतीवर चिकटविलेला असतो. त्याऐवजी ‘अकाउंट्स’ पानावर प्रत्येक जबाबदार शिक्षकाचे स्वतंत्र खाते उघडावे. निदान दोन शिक्षकांस कारभाराचा अधिकार असावा; त्यासाठी त्यांचे खाते ‘सुडो’ या गटात घालावे. फेडोरावर त्याच गटास ‘व्हील’ म्हणतात. इतरांस साधे खाते पुरते. बदलीचा हुकूम आला की निघणाऱ्या शिक्षकांनी नव्या शिक्षकांचे खाते आपल्यासमोर उघडून द्यावे, नव्यांनी आपल्या हाताने परवलीचा शब्द ठरवून एकदा आत शिरून दाखवावे व कारभाराचा अधिकार घेऊन पाहावा. ते जमले की मगच जुने खाते कुलूपबंद करावे. खाते एकदम काढून टाकण्याची घाई नको. ते काढताना त्यातील फायलीही जाऊ शकतात व त्यांत काय होते हे महिन्याने आठवते.

कार्यभाराच्या यादीत टेबल, खुर्च्या, नकाशे, तराजू यांची नोंद असते. तीतच या यंत्राची एक ओळ असावी : पत्ता, दाराचा क्रमांक, कार्यप्रणालीचे नाव व आवृत्ती, कारभाराचा अधिकार असलेल्या दोघांची नावे, मुलांच्या नोंदींची शेवटची प्रत कोणत्या तारखेस घेतली व ती कोठे ठेवली आहे. परवलीचा शब्द यादीत लिहू नये. तो बंद पाकिटात घालून, पाकिटावर सही करून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. कॉकपिट स्वतः प्रती घेत नाही, म्हणून प्रतीची तारीख त्या ओळीत दर महिन्यास हाताने बदलावी लागेल.